बिलई : ‘ग्रॅपल’ नावाच्या एका ओढाळ जहाजाची गोष्ट

ओहोटी (धागाकर्ता)

आजोळच्या विहिरीत कळशी पडली की आजी शेजारच्या घरून बिलई मागवायची. लोखंडी कडीला चारपाच आकडे आणि वर सुंभाची लांब दोरी, एवढंच ते हत्यार. दोरी सोडत जायची, तळ लागला की गोल गोल फिरवायची, आणि हाताला काही जड लागलं की कुणी बोलायचं नाही. निम्म्या वेळा कळशीऐवजी गेल्या वर्षीची बादली वर यायची.

इंग्रजीत तिला ग्रॅपल म्हणतात, आणि अमेरिकन नौदलात अगदी याच नावाचं एक जहाज होतं. यूएसएस ग्रॅपल, क्रमांक एआरएस-५३. नौदल म्हटलं की आपण विमानवाहू नौका आणि क्षेपणास्त्रं यांच्यावर धागे काढतो, ह्या गरीब बिचाऱ्यावर कोण काढणार, म्हणून मीच काढतोय.

हे सॅल्व्हेज जहाज. खडकावर चढलेलं जहाज ओढून काढायचं, इंजिन बंद पडलेल्याला दोरी लावून बंदरात आणायचं, आगीवर पाणी मारायचं, आणि बुडालेलं वर काढायचं, ही त्याची कामं. सेफगार्ड वर्गात अशी चार जहाजं झाली : सेफगार्ड, ग्रास्प, सॅल्व्हर आणि ग्रॅपल. ती विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे गावात पीटरसन बिल्डर्सने बांधली, म्हणजे गोड्या पाण्याच्या सरोवरांवर. ग्रॅपलचं जलावतरण डिसेंबर १९८४ मध्ये झालं आणि ते नौदलात दाखल झालं १५ नोव्हेंबर १९८६ ला. लांबी २५५ फूट, वजन तीन हजार टनांच्या थोडं वर, माणसं शंभराच्या आसपास. कमाल वेग १४ नॉट, म्हणजे आपल्या रिक्षाचा.

पण मागच्या बाजूला ४० टनांची यारी, पुढे साडेसात टनांची. डेकवर ओढकामाचं दोन रिळांचं यंत्र आणि प्रत्येक रिळावर ३,००० फूट तार, मनगटाएवढी जाड. आग विझवायच्या तोफा (खऱ्या बंदुका मोजक्याच). पाणबुड्यांसाठी (बुडी मारणारी माणसं, जहाज नव्हे) वरून हवा पुरवण्याची सोय आणि डेकवरच दाबकक्ष.

पहिलं मोठं काम मिळालं ते ओढण्याचं. इराण-इराक युद्ध चालू होतं. जुलै १९८७ मध्ये अमेरिकन पहाऱ्यात चाललेला ब्रिजटन नावाचा तेलवाहू टँकर आखातात सुरुंगावर आदळला. एवढं मोठं नौदल, पण तिथे सुरुंग काढणारी जहाजं नाहीत! घरी होती ती १९५० च्या दशकातली लाकडी. (लाकडी अशासाठी, की चुंबकीय सुरुंगांना लोखंडाचा वास लागू नये.) त्यांची म्हातारी इंजिनं जगाच्या त्या टोकापर्यंत चालवून झिजवण्यापेक्षा ओढून नेऊ, असं ठरलं. सप्टेंबरमध्ये फिअरलेस, इल्युसिव्ह आणि इन्फ्लिक्ट अशी तीन जहाजं मागे बांधून ग्रॅपल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालं. अटलांटिक, भूमध्य समुद्र, सुएझ, तांबडा समुद्र, सुमारे दोन महिने! वरातीत घोड्यापुढे चालणाऱ्या बँडवाल्यांना कोण लक्षात ठेवतं, तसं झालं. पुढे इन्फ्लिक्टने आखातात सुरुंग शोधले, नाव तिचं झालं.

खरी गोष्ट पुढची आहे. १९९६ ते १९९९ या चार वर्षांत ह्या जहाजाच्या वाट्याला तीन प्रवासी विमानं आली. ते दुसऱ्या प्रतिसादात लिहितो, भात लावायचाय.

शब्दवेडी

बिलई! कित्येक वर्षांनी वाचला हा शब्द. बाकी ‘ओढाळ’ म्हणजे दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात शिरणारं गुरू, ओढणारं नव्हे. शीर्षक दुरुस्त करा.

ओहोटी

ठाऊक आहे हो. तीस वर्षं दुसऱ्यांच्याच पाण्यात फिरलं की ते. राहू द्या.

देशावरचा_दगड

आमच्याकडे याला गळच म्हणतात. बिलई म्हणजे मांजर वाटलं मला.

शब्दवेडी

नखांमुळेच नाव पडलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

डिझेलभाऊ

वा, आमच्या प्रांतातला धागा. मी आयुष्यभर इंजिन रूममध्ये, त्यातली सात वर्षं टगवर. वेगाला हसू नका. अशा जहाजाचं मोजमाप नॉटमध्ये नाही, बोलार्ड पुलमध्ये करतात. धक्क्यावरच्या खुंट्याला दोर बांधायचा, इंजिन पूर्ण द्यायचं आणि खुंट्यावर किती टन ताण येतो ते बघायचं. सेफगार्ड वर्गाचा ६८ टन आहे. मिळून ४,२०० अश्वशक्तीची चार कॅटरपिलर इंजिनं, दोन पंखे, आणि प्रत्येक पंख्याभोवती कोर्ट नोझल, म्हणजे पोलादी कडं. कड्यामुळे कमी वेगात पाणी इकडेतिकडे न फाकता सरळ मागे जातं आणि जोर वाढतो. बैलगाडीला घोडा जुंपत नाहीत, तसंच.

तीन जहाजं मागे घेऊन महासागर ओलांडणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ओढतारेला मुद्दाम झोल द्यायचा असतो. मधला भाग स्वतःच्या वजनाने पाण्यात खोल लोंबतो, तीच तुमची स्प्रिंग. मागचं जहाज लाटेवर चढलं आणि पुढचं दरीत गेलं की झोल सरळ होतो. सगळा सरळ झाला तर तार तुटते. ते ओढयंत्र ताण वाढला की आपोआप तार सोडतं, कमी झाला की गोळा करतं. ताणावर आलेली तार बोलते, खर्जात गुणगुणते. आमच्या टगवर एका रात्री ती गुणगुण एकदम वर चढली, आणि बोसनने (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) काही न बोलता सगळ्यांना हातांनी ढकलून आत घातलं. पाचव्या मिनिटाला तार तुटून परत आली ती डेकवरची लोखंडी कपाटं कापत. दोन महिने हे कानात घेऊन झोपायचं. बँडवाल्यांची उपमा काही मला आवडली नाही.

ओहोटी

भाऊ, उपमा मागे घेतली.

तर विमानं. १७ जुलै १९९६ ला रात्री न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ बारा मिनिटांत लाँग आयलंडजवळच्या समुद्रावर फुटलं. २३० माणसं होती, कुणी वाचलं नाही. पाणी साधारण १२० फूट. आधी ग्रास्प पोचलं, मागोमाग ग्रॅपल. २४ जुलैला पाणबुड्यांनी दोन्ही ब्लॅक बॉक्स वर आणले.

लोकांना वाटतं, ब्लॅक बॉक्स मिळाला की झालं. इथे ध्वनिमुद्रणात शेवटी एक क्षणभराचा आवाज आणि पुढे काही नाही. उत्तर त्या डब्यांत नव्हतं, तळाशी कोणता तुकडा कुठे पडलाय ह्यात होतं.

जहाज नुसतं थांबवून चालत नाही. चारी दिशांना चार नांगर टाकून मध्ये उभं करायचं. मग एका बाजूची तार आवळायची, दुसरी सैल सोडायची, की जहाज हवं तेवढं सरकतं. कोळी जसा जाळ्याच्या मधोमध बसतो (आठ पायांचा कोळी, दांड्याचा नव्हे). खाली पाणबुडे. आधी माणसं काढायची, मग धातू. मृतदेहांना कायम प्राधान्य होतं. एकूण चार हजारांहून जास्त बुड्या मारल्या गेल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नौदलाचं काम थांबलं आणि पुढे वसंतापर्यंत शिंपले ओढणाऱ्या ट्रॉलरनी तळ अक्षरशः खरवडला. विमानाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग वर आला, आणि सर्वच्या सर्व २३० जणांची ओळख पटली.

शंकेखोर

ते विमान क्षेपणास्त्राने पाडलं होतं ना? नौदलाचंच, असं वाचलंय. मग नौदलाच्याच जहाजाने पुरावे गोळा केले, वा!

ओहोटी

हा प्रतिसाद येणार ह्याची खात्री होती. एफबीआयनेसुद्धा सोळा महिने हाच संशय धरून तपास केला आणि घातपाताचा पुरावा मिळाला नाही म्हणून थांबवला.

अवशेष तीन पट्ट्यांत पडले होते. तपासकांनी त्यांना लाल, पिवळा, हिरवा अशी नावं दिली. विमान पूर्वेकडे चाललं होतं. सर्वात पश्चिमेला, म्हणजे केनेडी विमानतळाच्या बाजूला, लाल पट्टा. तिथे जे सापडलं ते सगळ्यात आधी गळालं असणार. पिवळ्यात विमानाचं तोंड, हिरव्यात पंख, इंजिनं, शेपूट. आणि लाल पट्ट्यात काय होतं? पंखांच्या मधल्या इंधन टाकीचा पुढचा भाग आणि त्याला लागून असलेला सांगाडा. म्हणजे सुरुवात टाकीपासून. स्फोटकाच्या धक्क्याने धातूवर जे खड्डे पडतात ते कुठेही नव्हते. उन्हाळ्याची संध्याकाळ, विमान जमिनीवर बराच वेळ उभं, टाकीखाली वातानुकूलन यंत्रं चालू, टाकी जवळजवळ रिकामी आणि आत तापलेली वाफ. ठिणगी बहुधा टाकीबाहेरच्या वायरिंगमधल्या शॉर्टसर्किटने आत गेली, असा निष्कर्ष २००० साली आला. २००८ मध्ये अमेरिकेने टाकीत नायट्रोजन भरण्याच्या यंत्रणेचा नियम केला.

पाणबुड्याने तुकडा उचलताना जागा नोंदवली नसती, तर भंगाराचा ढीग मिळाला असता, बाकी काही नाही.

शंकेखोर

बरं. लाल पट्ट्याचं माहीत नव्हतं. तरी संशय राहणारच.

लाँगआयलंडकर

त्या वर्षी मी नुकताच शिकायला आलो होतो, राहायला किनाऱ्यापासून पंधरा मैलांवर. रात्री समुद्रावर नारिंगी उजेड दिसला असं शेजारी सांगत होते, मी मात्र झोपलो होतो. आठवतात ते नंतरचे दिवस. दुर्बिणीतून दूरवर एक करडं जहाज दिसायचं, हलायचंच नाही. पोर्टात काम करणारा एक इटालियन म्हातारा म्हणाला, ते हललं की समजायचं काम संपलं. नाव आज कळलं. की ते ग्रास्प होतं?

ओहोटी

दोघं सारखीच दिसतात, इतक्या लांबून सांगणं अवघड.

खोल_पाणी

मी किनाऱ्यापासून लांबच्या तेलफलाटांवर बारा वर्षं बुड्या मारल्या. चार हजार बुड्या हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, एक बुडी सांगतो.

१२० फुटांवर त्या काळच्या अमेरिकन नौदलाच्या तक्त्याप्रमाणे जेमतेम १५ मिनिटं मिळतात. त्याहून जास्त थांबलात तर वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबत यायचं, नाहीतर रक्तातला नायट्रोजन सोडा वॉटरसारखा फसफसतो. पंधरा मिनिटांत काय होतं? खाली पोचून डोळे सरावेपर्यंत निम्मी गेली. म्हणून हे लोक डेकवरचा दाबकक्ष वापरतात. तळाशी जास्त वेळ काम, पाण्यातले थोडे टप्पे, आणि मग सरळ डेकवर. तिथून पाच मिनिटांच्या आत कक्षात जाऊन पुन्हा दाबाखाली आणि नाकातोंडाला ऑक्सिजन. त्या पाच मिनिटांत तुम्ही माणूस नसता, पार्सल असता. एक जण हेल्मेट उतरवतो, दुसरा सूट सोलतो, तिसरा खांद्याला धरून चालवतो, चौथा मोठ्याने सेकंद मोजतो. दार बंद होऊन कानात दडे बसले की जिवात जीव येतो.

अंगाला जी नळ्यांची वेणी बांधलेली असते तिच्यात हवा, टेलिफोन, खोली मोजायची नळी आणि गरम पाणी. सूटच्या आत गरम पाणी खेळतं ठेवतात. भर उन्हाळ्यातही तळ गार असतो. आणि विमानाचा पत्रा फाटला की त्याची कड वस्तऱ्यासारखी असते. चारी बाजूंना वायरी लोंबतात. वेणी अडकली की ओढायचं नाही, जसे आलात तसेच मागे जायचं. मी तेलाच्या पाइपवर काम केलंय, माणसं काढायचं काम कधी आलं नाही. एकदाच एका मच्छीमार नौकेसाठी बोलावलं होतं. त्यावर लिहिणार नाही.

मृदुला_ठाणे

😔 नका लिहू.

पुढची दोन विमानं कोणती?

ओहोटी

२ सप्टेंबर १९९८, स्विसएअर १११. न्यूयॉर्कहून जिनिव्हा. धूर दिसला म्हणून हॅलिफॅक्सकडे वळलं आणि कॅनडाच्या पेगीज कोव्ह गावाजवळ समुद्रात पडलं. २२९ माणसं. इथलं पाणी ५५ मीटर, म्हणजे १८० फूट. सेफगार्ड वर्गाची हवेवरच्या बुडीची मर्यादा १९० फूट, म्हणजे अगदी कडेवर. कॅनडाच्या नौदलाने ओकानागन ही पाणबुडी लावून ब्लॅक बॉक्सचा टिकटिक आवाज ऐकला, बुडी मारून डबे काढले तेही त्यांच्याच माणसांनी. ग्रॅपल मदतीला गेलं. पण टीडब्ल्यूएचे मोठमोठे भाग मिळाले होते, इथे विमान इतक्या वेगाने आपटलं की सुमारे वीस लाख तुकडे झाले. ब्लॅक बॉक्सही शेवटची सहा मिनिटं बंदच. पुन्हा तेच, तुकडे जोडून आगीचा माग काढायचा. चार वर्षांहून जास्त तपास चालला आणि करमणुकीच्या पडद्यांची वायरिंग व आतल्या आवरणाचा पेट घेणारा थर इथवर तो पोचला.

३१ ऑक्टोबर १९९९, इजिप्तएअर ९९०. नँटकेटच्या दक्षिणेला, २१७ माणसं. पाणी २५० फूट, वर वादळी हवा. हवेवर इतकं खोल जाता येत नाही, तेव्हा ग्रॅपलवरून ‘डीप ड्रोन’ नावाचं दूरनियंत्रित यंत्र खाली गेलं आणि ९ नोव्हेंबरला डेटा रेकॉर्डर मिळाला. त्या अपघाताचं कारण मात्र अमेरिका एक सांगते, इजिप्त दुसरं. जहाजाने तळ गाठला, दोन सरकारांचं एकमत करणं त्याच्या यारीत नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत केनेडी ज्युनिअरचं (राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा) छोटं विमान मार्थाज व्हिनयार्डजवळ पडलं, ते काम ग्रास्पने केलं. टीव्हीवर सगळ्यात जास्त तेच दिसलं, अर्थात.

देशावरचा_दगड

एक प्रामाणिक शंका. गेलेली माणसं गेली. एवढा खर्च, वर जिवंत पाणबुड्यांचा जीव धोक्यात. ते नियम वगैरे ठीक, पण समुद्रालाच समाधी मानली तर?

खारदांडा

दादा, १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ आमच्या वांद्र्यासमोर पडलं. २१३ माणसं. माझा आजा दुसऱ्या दिवशी होडी घेऊन गेला होता. तो त्यानंतर त्या अंगाला जाळं टाकायचा नाही. कारण विचारलं तर एकच म्हणायचा, कुणाचं कोण ते आपल्याला काय ठाऊक. समुद्र समाधी वगैरे किनाऱ्यावर बसून सुचतं. घरच्यांना हाड तरी हवं असतं.

देशावरचा_दगड

चुकलं. शब्द मागे.

मृदुला_ठाणे

एअर इंडियाचं कनिष्क आठवलं. तेही समुद्रातच ना?

ओहोटी

हो, २३ जून १९८५, आयर्लंडजवळ, ३२९ माणसं. पण तिथे पाणी सुमारे दोन हजार मीटर. ग्रॅपलसारख्या जहाजाचं ते कामच नाही. समुद्राखालच्या केबल दुरुस्त करणाऱ्या फ्रेंच जहाजाने यंत्र सोडून ब्लॅक बॉक्स काढले.

डिझेलभाऊ

आपल्या नौदलाचंही लिहा. जुनं निस्तार १९७१ चं, रशियाकडून आलेलं. बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडीच्या, गाझीच्या, सांगाड्यापर्यंत त्याचेच पाणबुडे गेले. मग निरीक्षक, आपल्या माझगाव डॉकने बांधलेलं. आणि १८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला नवं निस्तार दाखल झालं, हिंदुस्थान शिपयार्डचं. सिंधुरक्षक पाणबुडी ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन बुडाली, अठरा जण गेले. ती उचलायला मात्र बाहेरची कंपनी बोलवावी लागली, जून २०१४ मध्ये वर आली.

ओहोटी

भाऊ, धाग्याचं मूळच ते आहे. सिंधुरक्षक कशी उचलणार म्हणून वाचायला बसलो आणि तिथून इथे पोचलो. निस्तारची जात थोडी वेगळी, ती मुख्यतः पाणबुडीतल्या माणसांना सोडवण्यासाठी आणि खोल बुड्यांसाठी. नाव मात्र काय दिलंय! निस्तार म्हणजे सोडवणूक.

शब्दवेडी

मग सॅल्व्हेजला मराठीत निस्तारणंच म्हणा की. “आता हे निस्तरा” असं आपण रोज म्हणतोच.

डिझेलभाऊ

हे झकास. निस्तरणारं जहाज.

मृदुला_ठाणे

ह्या जहाजावर बायका होत्या का?

ओहोटी

अमेरिकन नौदलात बायकांना लढाऊ जहाजांवर बंदी होती तेव्हाही अशा मदतीच्या जहाजांवर जाता यायचं. त्यामुळे त्यांच्या नौदलात जहाजाची कप्तान झालेली पहिली बाई सॅल्व्हेज जहाजावरच झाली. डार्लीन इस्क्रा, डिसेंबर १९९०, यूएसएस ऑपॉर्च्यून. ती स्वतः प्रशिक्षित पाणबुडी होती.

शब्दवेडी

पाणबुडी?! 😄

ओहोटी

पाणबुड्याचं स्त्रीलिंग सुचवा, बदलतो.

लाँगआयलंडकर

शेवट काय झाला जहाजाचा?

ओहोटी

जुलै २००६ मध्ये ते मिलिटरी सीलिफ्ट कमांड ह्या नौदलाच्या वाहतूक विभागाकडे गेलं. यूएसएसचं यूएसएनएस झालं. बंदुका उतरल्या, शंभर नौसैनिकांच्या जागी पंचवीसतीस मुलकी खलाशी आले, पाणबुडे कामापुरते पाहुणे म्हणून यायचे. आणखी दहा वर्षं तशीच ओढाताण करून २०१६ मध्ये ग्रॅपल आणि सेफगार्ड दोघांनाही निवृत्त केलं. ह्या वर्गाची जागा घ्यायला नवाहो वर्ग काढलाय.

दर वेळी जमतं असंही नाही. २०१३ मध्ये गार्डियन नावाचं अमेरिकन जहाज फिलिपिन्समध्ये तुबाताहा प्रवाळावर चढलं. सॅल्व्हर तिथे होतं. ओढलं असतं तर जहाज फुटलं असतं आणि प्रवाळही, म्हणून जागीच कापून तुकड्यांनी नेलं.

खोल_पाणी

ओढायचं कधी नाही हे कळायलाच दहा वर्षं जातात.

देशावरचा_दगड

ओहोटी, ती आजीची बिलई आहे का अजून?

ओहोटी

विहिरीवर आता जाळी बसवली, पंप आहे. बिलई शेजाऱ्यांची होती, पण शेवटच्या वेळी परत द्यायची राहिली. ती आमच्या माळ्यावर.

शब्दवेडी

फोटो टाका!

ओहोटी

टाकतो. आधी ती काढायला माळ्यावर कुणाला तरी चढवावं लागेल. शिडी मोडलीय.

डिझेलभाऊ

खालून गळ टाकून बघा.